गूळ चोरून खाल्लेला नाही

माझ्या वडिलांच्या केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. रुग्ण सहकार्य करत नाही, पथ्य पाळत नाही, विचारलं की नाकारतो. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, हा टोपीवाला कामगार आणि त्याच्यामागं साध्या लुगड्यात उभी असलेली त्याची पोरगी, दोघांपैकी कुणाला हे वाचता येणार आहे? वडिलांना येत नव्हतंच. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. इंग्रजीत जेमतेम पास व्हायची, पण शिवी कुठल्याही भाषेत असली तरी कळते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. मूळचे मंगळवेढ्याकडचे. तरुणपणी मेंढरं भावाच्या हवाली करून सोलापुरात आले आणि रंगात हात घातला तो कायमचा. उकळत्या हौदावर आडवी फळी टाकलेली असते. तिच्यावर उभं राहून सुताच्या लडी काठीवर घ्यायच्या, रंगात वरखाली फिरवायच्या, मधूनच एक लड पिळून उजेडात धरायची, नमुन्याच्या तुकड्याशी ताडून बघायची आणि छटा जुळली की म्हणायचं, "झालं." ते "झालं" म्हणायचा मान त्या खात्यात अण्णांचा होता. फोरमननं म्हटलेलं चालायचं नाही.

मग त्यांना साखर निघाली. तहान, लघवी, अंगावरचं मांस झडलेलं. एकदा तर शुद्ध जाता जाता राहिली, तेव्हा त्यांना आम्ही शहरातल्या एका मोठ्या, शिकवण्याच्या हॉस्पिटलात नेलं. तिथं अंतःस्रावी ग्रंथींचा वेगळा विभाग होता. पाटीवरचं नाव कुणाला वाचवत नसे, सगळे "साखरेची ओपीडी" म्हणत. गळ्याला गाठ असलेल्या बायका आणि उंची न वाढणारी पोरंही तिथंच बसायची, पण नाव साखरेचं. दर मंगळवारी सकाळी. एका लांब खोलीत तीन टेबलं. पहिल्यावर शिकाऊ डॉक्टर रोग्यांना तपासून औषध लिहायचे. दुसऱ्याभोवती विद्यार्थी उभे असायचे आणि विभागाचे मोठे सर त्यांना शिकवायचे. तिसऱ्यावर संशोधन. तिथं निवडक रोग्यांचं उपाशीपोटी रक्त घ्यायचे आणि जाड बांधणीच्या रजिस्टरात काहीतरी भरायचे. कशाचं संशोधन, हे रक्त देणाऱ्याला कुणी सांगितलं नाही. अण्णांचं रक्तही दर मंगळवारी जायचं.

या तिन्ही कामांना माझा विरोध नाही. आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मला विज्ञानाची वैरीण म्हणून झालं. उपचार हवेत, शिकणंही हवं, शोध तर हवाच. माझं भांडण वेगळं होतं. तीन टेबलांपुढं बसणारा रोगी एकच माणूस आहे, हे तिन्ही टेबलांना ठाऊक नव्हतं, त्याबद्दल होतं.

लघवी घरून न्यायची. हॉस्पिटलात काचेची भांडी कमी, म्हणून ज्यानं त्यानं आपली बाटली आणायची, वर नावाची चिठ्ठी डकवायची आणि दाराशी फळीवर ठेवायची. आत परीक्षानळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी अशी चढती पायरी. विटकरी झालं म्हणजे भरपूर. अण्णांची नळी पहिल्या महिन्यात विटकरीवरून हिरव्यावर आली होती. सगळे खूश होते. नंतर ती पुन्हा विटकरी झाली आणि तिथंच राहिली.

"काय मामा, लाडू झोडले वाटतं?" शिकाऊ डॉक्टर विचारायचे. माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठे असतील. चेहऱ्यानं वाईट नव्हते, घाईनं वाईट होते.

"न्हाय सायेब. भाकरी, पालेभाजी. चा बी बिनसाकरंचा."

"मग एवढी साखर येते कुठून?"

"ते तुमी सांगायचं की."

"साखर आपोआप होत नाही मामा, तोंडातूनच जाते." दुसऱ्या टेबलावरची पोरं फिदीफिदी हसायची. आणि इन्सुलिनचे युनिट वाढायचे.

ते इन्सुलिन टोचायची मी. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, सुई निवू द्यायची, ओल्या वाळूतल्या मडक्यातून बाटली काढायची, केसपेपरवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भरायची आणि अण्णांच्या मांडीत सोडायची. सकाळी कॉलेजला जायच्या आधी, रोज. आकडा वाढला की मी तेवढं जास्त भरायची. हे लिहून ठेवणं भाग आहे. पुढं जे झालं त्यात सुई माझ्या हातात होती.

कारखान्यात दुपार व्हायच्या सुमाराला अण्णांचे हातपाय थरथरायला लागले. घामानं बंडी ओली व्हायची, आणि रंगखात्यात घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही. एका दिवशी फळीवर त्यांचा तोल गेला. शेजारच्यानं कंबरेला धरलं म्हणून बरं. लड तेवढी हौदात गेली. फोरमन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पिऊन फळीवर चढायचं नाही. पुन्हा दिसलं तर घरी बसायचं."

अण्णांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. थापता थापताच म्हणाली, "काम गेलं तर जाऊ द्या. मानूस हौदात जाईल त्याचं काय? बंद करा ती सुई."

"बंद करता येत नाही आई," मी म्हणाले. "आधी काय झालं होतं ते विसरलीस?"

"मग ह्ये काय व्हायलंय ते तर इचारा त्यास्नी."

अण्णांनी विचारलं. पुढच्या मंगळवारी स्वतःच विचारलं. "सायेब, दुपारपावतर हातपाय कापत्यात. घाम फुटतो. डोळ्याम्होरं अंधारी येती. जोडीदारानं गुळाचा खडा दिला, त्यो तोंडात टाकला की लगी बरं वाटतंय."

शिकाऊ डॉक्टरांनी लेखणी वर केली. "म्हणजे गूळ खाता."

"चक्कर आली की खातो. एक खडा."

"बघा, केलं ना कबूल?" हे विद्यार्थ्यांना उद्देशून होतं. मग त्यांनी केसपेपर पुढं ओढला आणि ती ओळ लिहिली. युनिट पुन्हा वाढले.

बाहेर व्हरांड्यात मी ती ओळ अण्णांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हंजे मी लबाड." आवाज चढवला नाही. चालत गेटाशी आले, पाणी प्यायले आणि कामावर गेले. त्यांच्या बोलण्यावर गावातले चादरवाले हजारो लडी सूत रंगवून घेत होते, छटा पटली म्हटलं की पटली. त्या माणसाचा शब्द इथं एका पोरगेल्या डॉक्टरनं एका ओळीत संपवला.

आमची युवकांची एक छोटी संघटना होती. युनियनच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, ते आम्हाला वापरायला मिळायचं. पाण्याच्या नळावर, शाळेच्या फीवर, कारखान्यातल्या संडासांवर मी पत्रकं लिहिली होती. पत्रक कसं लिहायचं मला ठाऊक होतं. पहिल्या ओळीत तक्रार, शेवटच्या ओळीत मागणी, मधे कुठंही "नम्र विनंती" नाही. मी लिहिलं, "गूळ चोरून खाल्लेला नाही." खाली लिहिलं की या विभागात गरीब रोग्याला लबाड ठरवून औषध वाढवलं जातं, त्याचं रक्त घेऊन त्याला काही सांगितलं जात नाही, त्याच्यावर शिकतात आणि त्यालाच हसतात. आणि डॉक्टर जाणूनबुजून प्रयोग करत आहेत, असंही लिहिलं. हे वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

मंगळवारी ते पत्रक गेटावर वाटलं. गळ्याला गाठ असलेल्या एका बाईनं कागद हातात घेऊन उलटा धरला आणि म्हणाली, "वाच की गं बाय मोठ्यानं." मी वाचलं. पायरीवर वीसपंचवीस माणसं गोळा झाली. एक म्हातारा म्हणाला, "माझं बी तसंच लिवलं आसल." त्यानं आपला केसपेपर माझ्यापुढं धरला. त्याच्यावर तसं काही नव्हतं. तो थोडा हिरमुसला.

तासाभरात शिकाऊ डॉक्टर पत्रक घेऊन बाहेर आले. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"आम्ही प्रयोग करतो? सकाळपासून मी चहासुद्धा घेतलेला नाही, माहिती आहे?"

"माझ्या वडिलांनीही नाही. रक्त द्यायला उपाशी बसलेत तुमच्याच दारात."

ते काही बोलणार तेवढ्यात आतून निरोप आला. मोठ्या सरांनी अण्णांना आणि मला बोलावलं होतं.

मोठे सर पिकलेल्या केसांचे, शांत. ओरडतील अशी माझी तयारी होती, ते ओरडले नाहीत. पत्रक वाचून त्यांनी घडी घातली आणि विचारलं, "बाबा, तुम्ही गूळ खाता तो चक्कर आल्यावर, की आधी?"

"आल्यावर."

"मग चक्कर थांबते?"

"व्हय. लगी."

सर शिकाऊ डॉक्टरांकडं वळले. "हे तुम्हाला सांगितलं होतं यांनी?"

"सर, लघवी विटकरी होती. दर वेळी."

"आत्ता इथं घ्या. आपल्या भांड्यात. आणि यांची घरची बाटलीपण आणा."

दोन नळ्या शेजारी शेजारी दिव्यावर धरल्या. हॉस्पिटलच्या भांड्यातली निळीच राहिली, अगदी जशीच्या तशी. घरच्या बाटलीतली विटकरी झाली. एकाच माणसाची, एकाच सकाळची. दुसऱ्या टेबलावरची पोरं माना उंचावून बघायला लागली.

अण्णाही उठले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनी विटकरी नळी शिकाऊ डॉक्टरांच्या हातातून काढून घेतली, खिडकीशी नेली आणि कारखान्यात लड धरतात तशी उजेडात धरली. "ह्यो रंग त्यो न्हाय," ते म्हणाले. "पयल्या महिन्यात तुमी दावला हुता त्यो पिवळ्यावरनं लाल हुता. ह्यात काळपट झाक हाय. ह्ये दुसरंच काय तरी हाय."

"मला तर सारखंच दिसतं," शिकाऊ डॉक्टर म्हणाले.

"तुमाला दिसायचं न्हाय ते."

मग त्यांनी घरची बाटली उचलली, नाकाशी नेली, बुचाच्या आतून बोट फिरवलं आणि बोटाकडं बघत राहिले. मला त्यांचा चेहरा उतरताना दिसला.

ती बाटली रंगखात्यातली होती. फसलेला रंग सुतावरून उतरवायची एक पांढरी पावडर असते. हवा लागली की बिघडते, म्हणून मोठा डबा फोडला की ती घट्ट बुचाच्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवतात. रिकाम्या बाटल्या मागच्या ढिगात पडतात. पहिल्या महिन्यात अण्णा खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली न्यायचे. पण लघवीची बाटली परत घरात आणायला आईनं ठाम नकार दिला. चूल आहे, देव आहेत, तिला ते चालेना. मग अण्णांनी तोड काढली. दर आठवड्याला ढिगातली नवी बाटली, काम झालं की हॉस्पिटलातच टाकून यायची. बूच घट्ट, वाटेत सांडत नाही. बाहेरून स्वच्छ पुसून न्यायचे. बुचाच्या आत चिकटलेली चिमूटभर पावडर कोण बघतंय? पावडर रंग उतरवते, ती त्या निळ्या औषधालाही सोडत नाही. सरांनी ते आम्हाला नीट समजावून सांगितलं. साखर असली तर जसं होतं तसंच ती करते. साखर नव्हतीच. आम्ही आठवड्यामागून आठवडे नसलेल्या साखरेवर सुई वाढवत गेलो होतो.

म्हणजे चूक आमच्या घरातली होती. मी प्रयोग-प्रयोग म्हणून ओरडले आणि बाटली आमचीच निघाली. विद्यार्थी हसायला लागले. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "रंगाऱ्याची साखर," आणि सरही किंचित हसले. म्हणाले, "पोरांनो, हे विसरू नका. उत्तम केस आहे."

मला लाज वाटली, ती पाचदहा क्षण टिकली. मग माझी नजर तिसऱ्या टेबलावर गेली.

"सर, यांचं रक्त दर मंगळवारी घेत होता. त्यात साखर किती होती?"

"ते रजिस्टर वेगळं आहे," शिकाऊ डॉक्टर म्हणाले. "ते संशोधनाचं. आकडे सगळे एकदम बघायचे असतात, शेवटी."

"मग आत्ता एकाच माणसाचे बघा."

सरांनी हात पुढं केला. रजिस्टर आलं. त्यांनी पानं उलटली, बोट एका ओळीवर ठेवलं, पुढं पान, पुन्हा बोट. आता ते हसत नव्हते. "कमी आहे," ते म्हणाले. "पहिल्यांदा ठीक. नंतर दर आठवड्याला कमी."

"इथं, याच खोलीत लिहिलेलं होतं?"

"हो."

"त्या टेबलापासून या टेबलापर्यंत किती पावलं आहेत सर?"

अण्णा म्हणाले, "बास गं." पण मी मोजली. पाच. बाटली आमची चूक, ती मी मान्य करते. ती चूक रंगखात्यातला माणूसच करू शकतो, त्याला निळ्या औषधाचं शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. त्या पाच पावलांचं काय? तिथं सगळे शास्त्र शिकलेले होते.

युनिट त्याच दिवशी उतरवले, निम्म्याहून खाली. पहिले चार दिवस दुपारी शेजारचा जोडीदार अण्णांच्या कंबरेला गमछा बांधून दुसरं टोक खांबाला बांधत होता. पाचव्या दिवशी अण्णांनीच तो सोडला.

संघटनेत मी सांगितलं की दुसरं पत्रक काढायचं आणि त्यात बाटलीचं लिहायचं. आमचा एक साथी भडकला. "स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? रजिस्टरचं लिही, बाटलीचं सोड. ते लोक आपली चूक लिहिणार आहेत का?"

"ते लिहीत नाहीत म्हणूनच आपण लिहायची."

"लोक हसतील."

"हसू देत. खोटं छापलं तर पुढच्या पत्रकाला कोण विचारणार?"

पत्रक निघालं. जाणूनबुजून प्रयोग केला हे मी मागं घेतलं, तेवढंच. मागण्या तीन होत्या. बाटल्या हॉस्पिटलनं द्याव्यात, धुतलेल्या. संशोधनाचा आकडा त्याच दिवशी केसपेपरवर चढावा. आणि लघवी घरी कशी तपासायची हे रोग्याला शिकवावं, कारण रंग ओळखणारे डोळे या गावात हॉस्पिटलपेक्षा हातमागावर आणि रंगखात्यात जास्त आहेत. पहिल्या मागणीचं दोन महिन्यांत झालं. दुसरीवर समिती बसली आहे. तिसरीवर सर म्हणाले की रोग्याच्या हातात असं काही देणं धोक्याचं आहे. म्हणजे घरी सुई चालते, नळी चालत नाही. त्यावर आम्ही अजून भांडतो आहोत.

सरांचा निरोप आला, अण्णांनी एका सकाळी वर्गात यावं. सगळ्या विद्यार्थ्यांना ही केस दाखवायची होती. आई म्हणाली, "काय जायचं न्हाय, पुन्यांदा हसत्याल." अण्णा म्हणाले, "जातो."

वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा. खाली मधोमध एक लाकडी खुर्ची. अण्णा धुतलेली बंडी आणि टोपी घालून त्या खुर्चीवर बसले, रंगानं निळे पडलेले हात गुडघ्यावर. मी दाराशी उभी. सर म्हणाले, "बाबा, तुम्हाला काय व्हायचं ते या मुलांना सांगा."

अण्णा टेबलावरच्या कागदांकडं बघत होते.

"घाबरू नका, सांगा."

"घाबरत न्हाय. माजा कागूद आना आदी."

केसपेपर टेबलावरच होता. अण्णांनी मला जवळ बोलावून तो माझ्याकडं दिला. "ती वळ कुटं हाय दाव." मी बोट ठेवलं. अण्णांनी ते बोट तसंच धरून कागद सरांपुढं केला. "ह्ये खोडा. मग सांगतो."

वर्गात चुळबूळ झाली. सर म्हणाले, "बाबा, केसपेपरवर खाडाखोड करत नाहीत. नियम आहे. आम्ही खाली नवीन लिहिलं आहे ना, की साखर नव्हती, बाटलीचा दोष होता."

"खाली लिवा की पायजेल तेवडं. पर ह्ये वर ऱ्हातंय. म्हंजे मी लबाड बी आन् खरा बी. दोन्ही कसं आसल?"

"तसा अर्थ कुणी घेणार नाही."

"तुमीच घेतला हुता."

सरांनी खिशातलं पेन काढलं. अण्णांनी हात आडवा केला. "तुमी न्हाय. ज्येनं लिवलं त्येनं."

शिकाऊ डॉक्टर पहिल्या बाकावर होते. ते उठून खाली आले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले, आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. त्यांनी टेबलाशी वाकून त्या ओळीवर एक रेघ मारली, समासात सही केली आणि तारीख घातली. अण्णांनी कागद माझ्याकडं दिला. मी बघितलं. रेघ सरळ होती, पूर्ण ओळीवरून गेलेली. मी मान हलवली.

शिकाऊ डॉक्टर जागेवर परत गेले नाहीत. तिथंच उभे राहून त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "मामा, चक्कर यायच्या आधी काय होतं? अगदी आधी?"

इतक्या मंगळवारांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

अण्णांनी टोपी नीट केली. "हात कापायच्या आदी रंग उतरल्यावानी दिसाय लागत्यात," ते म्हणाले. "हौदातला मरून रंग मला मातकट दिसतो. तवा समजायचं, आता फळीवरनं खाली उतराय पायजेल. लिवून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं.